सौदे संपल्यावर

फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मी कादंबरीची एक ओळही लिहीत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानी मी दिवाणजी आहे आणि हे महिने हळदीचे. सकाळी सौदे, दुपारी वजनं, संध्याकाळी शेतकऱ्यांच्या पट्ट्या. पोती किती, वजन किती, दर काय निघाला, हमाली-तोलाई किती, आधीची उचल वजा जाऊन हातात काय पडलं, हे सगळं एका कागदावर बसवायचं आणि समोरच्याला ते पटलंही पाहिजे. अशा दिवसांत लिहायला बसलं की पात्रंसुद्धा भाव विचारायला लागतात. पाऊस लागला, आवक उतरली, की मग माझा सीझन सुरू होतो.

दोन रहस्यकादंबऱ्या मी स्वतःच्या पैशाने छापल्या, तिसरी चालू आहे. भेटेल तो एकच विचारतो, नोकरी करून लिहायला वेळ कधी मिळतो? लिहायला फार वेळ लागत नाही हो. पहाटे घर उठायच्या आत दीडेक पान होतं, रोज झालं तर पावसाळा आणि दिवाळी मिळून पहिला खर्डा उभा राहतो. वेळ खातं ते वाचन. प्रकाशक असला की तुमच्या वतीने चार माणसं पुस्तक वाचतात: संपादक, मुद्रितशोधक, पानं लावणारा आणि विकणारा. स्वतः छापायचं म्हटलं की चौघांचं वाचन तुमच्याच गळ्यात. आणि हे चौघे एकच मजकूर चार तऱ्हांनी वाचतात, हे मला आधी माहीत नव्हतं.

वाचायची सवय मुळातली वाचनालयाची. वडील यार्डातच तोलाईदार, घरात छापील म्हणावं असं एक पंचांग आणि भिंतीवरचं कॅलेंडर. गावभागातल्या वाचनालयाची वर्गणी मात्र ते कधी चुकवायचे नाहीत. दोन पुस्तकं आणि एक मासिक घरी न्यायला मिळायचं. तिथे एका कपाटात बाबूराव अर्नाळकरांच्या बारक्या पुस्तिका पाच-पाच एकत्र बांधून ठेवल्या होत्या. एक दिवस हे कपाट संपेल अशी मला धास्ती वाटायची. हजारावर रहस्यकथा लिहिलेल्या माणसाचं कपाट शाळकरी पोराकडून संपणार नव्हतं, पण हे मला कोण सांगणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा खालच्या फळ्यांवरचं सगळं भिजलं. त्यात ते कपाटही गेलं. नंतर महिनाभर वाचनालयाच्या गच्चीवर पुस्तकं वाळत होती.

सीझनमध्ये लिहीत नसलो तरी वाचतो, फक्त लांबलचक काही नाही. रात्री एक कथा, संपली की दिवा बंद. त्यासाठी जुने दिवाळी अंक मी रद्दीवाल्याकडून किलोने आणतो. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत दर वर्षी एवढे अंक निघतात की माझ्यासारख्याला दोन जन्म पुरेल एवढा माल रद्दीत पडून आहे. साठ-सत्तरच्या दशकांतले अंक मिळाले की चैन. ज्यांचं नाव आज कुणाला आठवत नाही अशा लेखकांच्या पक्क्या, घट्ट विणीच्या कथा त्यात सापडतात. जाहिरातीही मी सोडत नाही. १९६८ साली सांगलीतल्या बाईने केसांना कुठलं तेल लावलं असतं, हे कुठल्याच इतिहासाच्या पुस्तकात मिळत नाही, जाहिरातीत मिळतं.

जूनपासून मात्र पथ्य सुरू होतं. स्वतःची रहस्यकादंबरी चालू असताना दुसऱ्याची वाचायची नाही. कारण चोरीची भीती नाही. कान फार लवकर बिघडतो. चांगल्या लेखकाची दोन प्रकरणं वाचली की दुसऱ्या दिवशी पहाटे माझा फौजदार त्याच्या फौजदारासारखा बोलायला लागतो. त्यामुळे त्या महिन्यांत माझ्या उशाशी असतं ते भलतंच. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मी कुठूनही उघडून वाचतो. १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर फुकट ठेवली आहे. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रातून आणलेल्या घडीपत्रिका वाचतो. आणि पंचनामे वाचतो.

पंचनाम्यांचं वेड मला एका वकील मित्रामुळे लागलं. निकाल लागून जुन्या झालेल्या खटल्यांचे कागद त्याच्याकडे पडलेले असतात. ‘सदर खोलीचे उत्तर बाजूस लाकडी पलंग असून त्यावर निळे रंगाची चादर अस्ताव्यस्त स्थितीत दिसून येते.’ असली वाक्यं मी पानंच्या पानं वाचू शकतो. लिहिणारा हवालदार कुणाला दोष देत नाही, हळहळत नाही, कुणावर संशयही घेत नाही. दिशा, अंतर, रंग, बस्स. खोलीत काय घडलं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. रहस्यकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा माझ्या माहितीत नाही. फक्त ती भाषा कादंबरीत उतरवायची नसते, तिचा धीर उतरवायचा असतो.

पहिल्या कादंबरीचा विषय हरिपूरची पेवं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेव म्हणजे जमिनीखालचं हळदीचं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, खाली पोटाकडे रुंद होत गेलेलं, पंचवीस-तीस फूट खोल. हरिपूर-सांगलीवाडीकडची माती अशी की आत घातलेली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड नाही की वजनाला घट नाही. वरून पाहिलं तर नुसती मोकळी जमीन. २००५ च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं, आतला माल कुजला आणि तो धंदा जवळजवळ बसला. जमिनीखाली लाखोंचा माल, वर कसलीच खूण नाही, मालक एक, पावती दुसऱ्याच्या नावावर, आणि नदी चढत चाललेली. यात खून घालायला मला काही कष्ट पडले नाहीत.

पेवांवर छापील मजकूर थोडाच. तेव्हा वाचायची होती ती माणसं. आमच्या दुकानी एक म्हातारे हमाल आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. तरुणपणी ते पेवात उतरायचे. पेव उघडलं की लगेच कुणी आत जायचं नाही, वारा खेळू द्यायचा, मग कंदील सोडायचा. कंदील विझला की आणखी थांबायचं. “आत वास न्हाई, आवाज न्हाई, काय न्हाई. मानूस नुसता झोपी जातोय,” असं ते म्हणाले, तेव्हा माझ्या कादंबरीतला खून कसा झाला हे त्यांनीच मला सांगितलं, त्यांच्या नकळत.

दुसऱ्या कादंबरीच्या वेळी निराळीच पंचाईत. ती आजच्या काळात घडते, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं. गेली कित्येक वर्षं मराठी माणसाला ‘तीनशे दोन’ म्हटलं की अंगावर काटा येतो. ‘एकशे तीन लावलं’ म्हटलं की तापाचा आकडा सांगितल्यासारखं वाटतं. मग मी त्यातल्या जुन्या हवालदाराच्या तोंडी तीनशे दोनच ठेवलं आणि नव्या भरतीतल्या फौजदारीणबाई त्याला दर वेळी दुरुस्त करतात असं केलं. त्या एका खटक्यावर दोघांचं नातं उभं राहिलं. नवा कायदा वाचायला घेतला होता तो फक्त कलम तपासायला.

पहिला खर्डा मी हाताने लिहितो, दुकानातल्या जुन्या चोपड्यांच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर. मग ते सगळं मोबाइलसमोर मोठ्याने वाचतो आणि मोबाइल ते टाइप करतो. बोलून टाइप करायची ही सोय आल्यापासून टायपिंगचा खर्च वाचला, पण त्याहून मोठा फायदा म्हणजे मजकुराचं पहिलं खरं वाचन तिथेच होतं. जिथे मला श्वास घ्यावा लागतो तिथे वाक्य तुटलेलं बरं. जिथे मलाच कंटाळा येऊन मी भराभरा वाचायला लागतो, तिथे लाल पेन. मोबाइलला पेव हा शब्द ठाऊक नाही. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘पेय’ होतं: ‘तो अंधारात पेयात उतरला.’ घरात सगळे हसून बेजार.

प्रकाशकांचं थोडक्यात सांगतो, कारण ही कथा बहुतेकांची सारखीच असते. एकांनी हस्तलिखित ठेवून घेतलं आणि वर्ष उलटलं तरी हो नाही की नाही नाही. दुसऱ्यांनी छापायची तयारी दाखवली, पण तीनशे प्रती लेखकाने आधी विकत घ्यायच्या, या बोलीवर. मी दिवाणजी माणूस. त्या तीनशे प्रतींचे पैसे आणि तीनशे प्रती छापायचा खर्च शेजारी शेजारी लिहून पाहिला. छपाई स्वस्त पडत होती. निर्णय त्या कागदावर झाला. स्वातंत्र्याचा वगैरे विचार नंतर लोकांनी मुलाखतीत विचारल्यावर सुचला.

पानं लावणाऱ्या मुलाचं दुकान मिरजेत. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल ही त्याची खरी कामं. माझा मजकूर युनिकोडमधला, म्हणजे मोबाइलवर चालतो त्या देवनागरीतला, आणि त्याचा सगळा कारभार श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांत. त्याने कन्व्हर्टरमधून काढला आणि पुस्तकातले सगळे ‘ऱ्य’ मोडले. वाऱ्यावर, दुसऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्याचा: जिथे जिथे तो अर्धा र, तिथे चौकोन किंवा भलतंच अक्षर. शेतकरी आणि पायऱ्या वगळून पेवावरची कादंबरी लिहिता येत नाही. शोधून बदलायची सोय होती, पण मोड दर ठिकाणी वेगळी. शेवटी फूटपट्टी घेऊन ओळीखाली ठेवायची आणि अक्षर अक्षर पाहायचं. हे वाचन मुद्दाम मागून पुढे करायचं असतं, शेवटच्या पानापासून. सरळ वाचत गेलं की गोष्ट तुम्हाला ओढत नेते आणि डोळा चुका आपोआप बऱ्या करून वाचतो. उलट्या वाचनात गोष्ट नाही, पात्र नाही, फक्त अक्षरं. आपण लिहिलेलं इतकं परकं दुसऱ्या कुठल्याच वेळी वाटत नाही. दुसऱ्या पुस्तकापासून मी युनिकोडमध्येच पानं लावून देणारा शोधला.

मग फॉर्मचा हिशेब. डेमी आकारात १६ पानांचा एक फॉर्म धरतात. पहिलं पुस्तक पुढची कोरी-छापील पानं धरून २४३ पानांवर गेलं. १५ फॉर्म म्हणजे २४०. तीन पानांसाठी आणखी अर्धा फॉर्म घ्यायचा म्हणजे त्यातली पाच पानं कोरी आणि कागदाचा, छपाईचा खर्च वर. मिरजेचा मुलगा म्हणाला, अक्षर जरा बारीक करू. माझे वाचक पन्नाशीच्या पुढचे, ते मला नको होतं. तीन पानं काढायची ठरलं. काय काढायचं म्हणून कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी सुरी घेऊन. पुराचं वर्णन मी फार प्रेमाने लिहिलं होतं, चार पानं भरून पाणी. सांगलीच्या माणसाला पूर कसा असतो ते सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला चार पानांत कळत नाही. ते एका पानावर आणलं. पुस्तक सुधारलं, पण कागदाच्या भावाने सुधारलं हे कबूल करायला अजून जड जातं.

मुद्रितशोधनाला मात्र दुसऱ्याचेच डोळे लागतात. शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या एका बाई आमच्या कॉलनीत राहतात. साहित्य महामंडळाचे १९६२ चे शुद्धलेखनाचे चौदा नियम आणि १९७२ ला जोडलेले चार, त्यांना क्रमांकासकट पाठ. पहिल्या वाचनात त्यांनी तात्यांवरून बेतलेल्या माझ्या हमालाची सगळी वाक्यं शुद्ध करून दिली. ‘आत कुणीही नाही, दिवाणजी.’ मी म्हटलं, बाई, हा माणूस असं बोलला तर यार्डात लोक त्याला ताप आलाय म्हणतील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “ठीक आहे, बोलीत ठेवा. पण मग बोली तरी नेमाने लिहा. एका पानावर तो ‘न्हाई’ म्हणतो, दुसऱ्यावर ‘नाय’. हा माणूस नक्की कुठला?” त्या दिवसापासून मी प्रत्येक पात्राची एक पाटी करतो. हा ‘न्हाई’ म्हणतो, ही ‘नाही’ म्हणते, शेठ ‘नै’ म्हणतात. हरिपूरचा, मिरजेचा आणि जतकडून आलेला माणूस एकसारखा बोलत नाही, हे मला कानाला माहीत होतं. बाईंनी ते कागदावर आणायला लावलं. निवेदन नियमाप्रमाणे, संवाद पाटीप्रमाणे, असा आमचा तह झाला.

आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाला, लोक उगाच घाबरतात. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीच्या पोर्टलवर लेखक-प्रकाशक म्हणून नोंद करायची, ओळखपत्र आणि पुस्तकाची माहिती चढवायची, आकडा मिळतो आणि पैसे लागत नाहीत. आपल्याकडच्या नव्या पुस्तकांचा ९७८-९३ ने सुरू होणारा तो तेरा आकडी नंबर. ‘काढून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांना वाट दाखवावी. दुसरी गोष्ट फार कमी स्वतंत्र लेखक करतात: १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत चार ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चाने पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईची एशियाटिक, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. मी पाठवल्या. चेन्नईत ती कोण उघडणार, असं आमच्या घरी विचारलं गेलं. उघडू नये कुणी, पण आमच्या यार्डातला खून आता चार शहरांत सरकारदरबारी जमा आहे.

छापल्या तीनशे. पूर्वी मराठीत आवृत्ती म्हटली की हजार-अकराशे प्रती धरायचे, आता डिजिटल छपाईने शंभरसुद्धा काढता येतात. प्रतीमागे दर जास्त पडतो, पण माळ्यावर गठ्ठे पडून राहत नाहीत. आत ७० जीएसएमचा पिवळसर कागद, वर मॅट लॅमिनेशनचं कव्हर. किंमत ठरवताना सगळ्यात आधी दुकानदाराचं कमिशन धरावं लागतं. तीस-चाळीस टक्के तिथे जातात, वितरकामार्फत गेलं तर आणखी. पुण्यात अप्पा बळवंत चौकात दिवसभर हिंडलो. प्रती ठेवून घेतात, पण विकल्या गेल्या तर पैसे, आणि ‘विकल्या गेल्या का’ हे विचारायला पुन्हा आपणच जायचं. उधारीचं मला नवल नाही, यार्ड उधारीवरच चालतो. पण यार्डात समोरच्याची सही असते.

म्हणून मी पुस्तकांचीही वही ठेवली, पट्टीसारखी. कुणाला किती, कधी, पैसे आले का, आणि शेवटच्या रकान्यात वाचून काय म्हणाला. हा शेवटचा रकाना कुठल्याच प्रकाशकाकडे नसतो. त्या वहीतून कळलं की माझं पुस्तक दुकानांतून फारसं जात नाही, गावोगावच्या वाचनालयांतून जातं. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची हजारो अनुदानित वाचनालयं आहेत, आणि खेड्यातलं ‘ड’ वर्गाचं वाचनालयही वर्षातून एकदा पुस्तकं घेतंच. शासनमान्य ग्रंथांच्या यादीत नाव लागावं म्हणून प्रती पाठवायच्या, वाट पाहायची. पण तासगाव, कवठेमहांकाळ, शिराळा भागातल्या ग्रंथपालांना मी सरळ फोनच करतो. यार्डाला येणाऱ्या शेतकऱ्याबरोबर गठ्ठा पाठवला की पोचतो. लांबच्यांना पूर्वी रजिस्टर्ड बुक पोस्ट परवडायचं. २०२४ च्या डिसेंबरात टपाल खात्याने ते बंद केलं आणि पाठवायचा खर्च किमतीच्या मानाने डोळ्यांवर यायला लागला.

किंडलचं, म्हणजे ॲमेझॉनवरच्या ई-पुस्तकाचं, मुलीने पाहिलं. “पप्पा, मराठी चालतं यात,” म्हणून तिने एका संध्याकाळी चढवूनही टाकलं. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घालावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही; नको असेल तर ३५ टक्के. घातलं. त्यात एक आलेख दिसतो, रोज किती पानं वाचली गेली त्याचा. कोण वाचतंय ते कळत नाही, कुठे थांबला तेही नाही. पण एवढ्याशा वाचकवर्गात एखाद्या दिवशी एकटाच कुणी वाचत असतो आणि आलेख त्याचाच असतो. सोमवारी थोडी पानं, मंगळवारी त्याहून कमी, बुधवारी काही नाही. गुरुवारी एकदम पुस्तक संपेल एवढी. त्या बुधवारी मी दुकानात दोन पट्ट्या पुन्हा लिहिल्या. पैसे म्हणाल तर त्यातून वाचनालयाची वर्गणी सुटते.

साताऱ्याच्या ९९व्या साहित्य संमेलनात शेतीच्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याने मला त्याचं अर्धं टेबल दिलं. ऊस, द्राक्ष, शेळीपालन आणि शेजारी माझे दोन खून. शेळीपालन जोरात खपलं. पण हळदीच्या कव्हरकडे बघून शेतीचं पुस्तक समजून हातात घेतलेल्या दोघा-तिघांनी मागचं वाचून विकतही घेतलं. तेव्हापासून कव्हर बदलायचा विचार मी सोडून दिला.

रकान्यातल्या शेऱ्यांपैकी दोन मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडले. आमच्या शेठना प्रत दिली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “आपल्या पेढीचं काही नाही ना यात?” नाही म्हटल्यावर घेऊन गेले. आठवड्याने टेबलावर आणून ठेवली. “२००५ चे भाव बरोबर आहेत,” म्हणाले आणि सौद्याला निघून गेले. दुसरा शेरा तात्यांचा. त्यांना अक्षरओळख बेताची, नातीने रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. “कंदील सोडायचं बरुबर लिवलंय. पर दिवाणजी, तुमचा खुनी शेवटाला लैच बोलतोय. खून केलेला मानूस एवढं बोलंल व्हय?” नऊ पानांचा कबुलीजबाब होता तो. दुसऱ्या कादंबरीत आरोपी शेवटच्या प्रकरणात फक्त दोन वाक्यं बोलतो, आणि बाकी सगळं पंचनाम्यातून कळतं.

तिसरी इचलकरंजीतली आहे, यंत्रमागांमधली. तिथली बोली माझी नाही, म्हणून या खेपेला मुद्रितशोधनाआधी माग दुरुस्त करणाऱ्या एका जॉबर काकांना हस्तलिखित वाचायला दिलंय. त्यांनी पहिल्या तीस पानांत मागाच्या भागांची नावं दुरुस्त करून पाठवली आहेत आणि खाली विचारलंय, रात्रपाळीत दिवे गेल्यावर तुमचा माणूस धावतो कशाला, आमच्याकडे सगळे जागच्या जागी उभे राहतात. ते प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. प्रती या वेळीही तीनशेच.